बालाघाटचा बांबू घराबाहेरच का?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा. इथला मानवेल बांबू जाड सालीचा, जवळजवळ भरीव आणि वजनाच्या मानाने दणकट. तरीही वैनगंगेकाठच्या गावांत नवे घर बांधतात ते सिमेंट-सळईचेच.

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन वायुरूपाने निघतोच, भट्टी कितीही सुधारा. बांबू मात्र वाढताना कार्बन शोषतो आणि तीन-चार वर्षांत तोडणीला येतो.

बांबू किडतो, हा आक्षेप खराच आहे. त्याच्यातल्या स्टार्चसाठी भुंगेरे तो पोखरतात आणि जमिनीत रोवलेला कच्चा बांबू एक ते तीन वर्षांत संपतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवला तर कीड लागत नाही. पण बोरॉन पावसात धुऊन जाते, म्हणून जोते उंच आणि छपराची वळचण रुंद हवी. खिळा ठोकला की बांबू उभा चिरतो. सांध्याला भोक पाडून बोल्टच लागतो. हे सगळे ठाऊक आहे आणि बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक 15912 सुद्धा आहे.

मग अडते कुठे? 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते, त्यामुळे अनेक राज्यांत स्वतःच्या शेतातला बांबू नेण्यासाठीही परवाना लागे. वनाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली ती 2017 मध्ये. जनगणनेच्या तक्त्यात बांबूची भिंत आजही गवताच्या रांगेत, म्हणजे कच्ची. आयुष्यात एकदाच घर बांधणारा माणूस कच्च्याचा शिक्का का ओढवून घेईल? ठेकेदारही हाताखालच्या गवंड्यांना जे येते तेच काम घेतो. पहिल्या प्रयोगाचा सगळा धोका घरमालकाच्या माथी येतो, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे.

रस्त्यावर हा धोका सरकारने उचलला. 2023 मध्ये वणी-वरोरा महामार्गावर 200 मीटर बांबूचे अपघातरोधक कठडे बसले; त्यांची चाचणी झाली ती मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी तरुणांना बांबूकाम शिकवले आहे. बालाघाटमध्ये वनविभागाच्या डेपोशेजारी द्रावणाच्या टाक्या बसवाव्यात, मुरवलेल्या बांबूवर तारखेचा शिक्का मारावा, बुरुडांना सांधेकामाची मजुरी द्यावी आणि पहिली इमारत अंगणवाडीची, सरकारी खर्चाने बांधावी.