मशीननं पाहिलेले पावसाळे

रायगड जिल्ह्यात पेण-रोह्याकडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ‘वेल्डिंग मशीन किती टिकतं हो?’ असं विचारलं, की आधी उलटा प्रश्न येतो : ‘कुठलं? तेलाचं की पट्ट्याचं?’ तेलाचं म्हणजे कोपऱ्यात ठाण मांडून बसलेलं, चौघांशिवाय टेम्पोत न चढणारं. पट्ट्याचं म्हणजे खांद्याला अडकवून शिडी चढता येते ते इन्व्हर्टर. पहिल्याचं वय दुकानदार वर्षांत सांगतो, दुसऱ्याचं पावसाळ्यांत. ‘तीन काढले त्यानं’ हे इन्व्हर्टरचं कौतुक असतं.

या भागात वेल्डिंग गावात आलं ते कारखान्यांमागून. सत्तरच्या दशकात रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी, ऐंशीच्या दशकात थळचा खत कारखाना, त्या दशकाच्या शेवटी नागोठण्याचं आयपीसीएल, पुढे डोलवीचं इस्पात, जे २०१० मध्ये जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे गेलं. मधल्या काळात कोकण रेल्वे आली. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि रोहा-वीर हा उत्तरेकडचा पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. या सगळ्या कामांवर हेल्पर म्हणून गेलेली पोरं रॉड धरायला शिकून परतली. काम संपवून जाणारे कंत्राटदार जुनी मशीनं परत नेण्याऐवजी इथंच विकून जात, आणि गावातल्या कितीतरी दुकानांचं पहिलं मशीन असं दुसऱ्या हाताचं असे. तेव्हा परवडणारं मशीन म्हणजे वापरलेलं मशीन. नव्याची गोष्टच नव्हती.

त्या मशीनच्या पोटात होतं तरी काय? लोखंडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर तारेची दोन वेटोळी (वाइंडिंग), आणि सगळं तेलात बुडवलेलं. वरचं चाक फिरवलं की गाभ्याचा एक भाग आतबाहेर सरकतो आणि करंट कमी-जास्त होतो. बिघडायला जागाच कमी. पण त्याच्या टिकण्याचं सगळं श्रेय या साधेपणाला देणं मला पटत नाही. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, तेल नुसतं थंड ठेवत नाही, ते वाइंडिंगला हवेपासूनही झाकून ठेवतं. धरमतर आणि कुंडलिकेच्या खाड्या, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि भिंतीला हात लावला तर ओल जाणवावी अशी हवा. इथं हे झाकण फार मोलाचं. दुसरी गोष्ट म्हणजे वाइंडर. वाइंडिंग जळलं की मशीन ‘भरायला’ जायचं. जुनी तार उतरवून भंगारात, नवी तार मोजून वेढे, वार्निश, तेल गाळून परत आत. आठवड्यात मशीन कामावर. वीस वर्षं चाललेलं म्हणून जे मशीन दाखवतात, त्याच्या आतली तार दोन-तीनदा बदललेली असते. टाकी तीच, चाकं तीच, गाभा तोच. टिकाऊपणातला निम्मा वाटा त्या कारागिराचा होता आणि त्याची मजुरी कुणी मशीनच्या किमतीत धरत नसे.

स्वस्ताईची फसगत इन्व्हर्टरनं आणली असं म्हणणाऱ्यांना अॅल्युमिनियमची आठवण करून द्यायला हवी. तांब्याचे भाव चढले तशी बाजारात अॅल्युमिनियमच्या तारेची मशीनं आली. दिसायला तीच टाकी, तोच रंग, किंमत मात्र बरीच खाली. अॅल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण साठ टक्के, म्हणून तार जाड घ्यावी लागते. तेवढी जाड घेतली तर मशीन वाईट चालत नाही. पण स्वस्तात विकणारा तारेत हात आखडता घेई. शिवाय जिथं अॅल्युमिनियमची तार तांब्या-पितळेच्या टर्मिनलला मिळते, तो सांधा खाऱ्या दमट हवेत आतून कुजतो, गरम होतो आणि एक दिवस तिथंच जळतो. भरायला नेलं तर वाइंडर विचारी, ‘तांबं घालू का?’ तांबं घातलं की खर्च नव्या मशीनच्या आसपास. म्हणजे दोन किमतींत घेतलेलं एकच मशीन. शिवाय तांब्याचं मशीन मेलं तरी भंगारवाला रोख मोजतो. अॅल्युमिनियमच्या मढ्याला तो भाव नाही.

इन्व्हर्टर वेल्डिंग तसं जुनं. फिनलंडच्या केंपी कंपनीनं ते १९७७ मध्ये बाजारात आणलं. युक्ती अशी की घरातली ५० हर्ट्झची वीज आधी सरळ करायची, मग ट्रान्झिस्टरनं तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडायचे. एवढ्या वेगानं उलटसुलट होणाऱ्या विजेला छोटासा गाभा पुरतो. शंभर किलोचं काम पाच किलोत होतं ते असं. आपल्याकडे ते गावच्या दुकानात पोचलं चीनमधून आणि बऱ्याच उशिरा, भारनियमनाच्या वर्षांत. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, पण गावांतला अंधार पुढेही काही वर्षं राहिला. दिवसाचे ठरलेले तास वीज नाही, आली तर संध्याकाळी दिवे लाल. अशा वेळी छोट्या जनरेटरवर चालणारं, घराच्या सिंगल फेजवर चालणारं मशीन म्हणजे वरदानच. थ्री फेजचं कनेक्शन नको, त्याची अनामत नको, गाळा नको. पट्टा, हेल्मेट, ग्राइंडर आणि मोटारसायकल एवढ्या भांडवलावर पोरं धंद्यात उतरली.

कामाची जागाही बदलली. पूर्वी ग्रिल, दार, जिना सगळं दुकानात बनायचं आणि जागेवर नुसतं बसवायचं. आता जागेवरच कापायचं, जागेवरच टाका मारायचा. गच्चीवर पत्र्याची शेड ही रायगडातली आजची मोठी मागणी, आणि ती पट्ट्याच्या मशीनशिवाय एवढी झालीच नसती. हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांवरही आज अशाच शेडा दिसतात.

मग ही मशीनं मरतात कशानं? बंद पडलेलं एक मशीन दुरुस्तीवाल्यानं उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यानं स्क्रू काढायच्या आधी जाळीला नाक लावलं. ‘जळलाय,’ म्हणाला. झाकण निघालं तर आत राखाडी लव, घरात पंख्याच्या पात्यावर बसते तशी. त्यानं जवळ चुंबक नेलं आणि लव उठून चुंबकाला चिकटली. ती लव म्हणजे ग्राइंडरचा कीस होता. मशीनचा पंखा आत हवा ओढतो, आणि ग्राइंडर दोन हातांवर चालू असतो. लोखंडाची ही पूड प्लेटवर, पायांमध्ये, सांध्यांवर बसते. उन्हाळ्यात कोरडी असते तोवर फार बिघडत नाही. जूनमध्ये तिला ओल लागली की तीच विजेची वाट होते. एका मॉस्फेटचं, म्हणजे विजेचे तुकडे पाडणाऱ्या ट्रान्झिस्टरचं, पोट फुटलेलं होतं आणि त्याच्या शेजारचे दोन वरून धडधाकट दिसत होते. मीटर लावला तर तेही शॉर्ट. ‘एक जातो तो शेजाऱ्यांना घेऊन जातो,’ इतकंच तो म्हणाला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

पण पुडीपेक्षा मोठा मारेकरी न्यूट्रल. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तेलाचं मशीन दोन फेजवर चालतं, त्याला न्यूट्रल लागतच नाही. पट्ट्याचं मशीन घराच्या सॉकेटवर, म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल. खांबावर न्यूट्रलचा सांधा सुटला की घरातल्या २३० व्होल्टच्या जागी थेट ४०० च्या आसपास चढू शकतात. मशीनमध्ये वीज सरळ केल्यावर कॅपॅसिटरवर एरवी सव्वातीनशे व्होल्ट असतात. अशा वेळी ते साडेपाचशेच्या वर जाऊ पाहतात. कॅपॅसिटर ४०० किंवा ४५० चा. तो फुटतो, फटाक्यासारखा आवाज होतो, आणि पांढरा धूर. वेल्डरला वाटतं मशीन खराब निघालं. मशीन खराब नव्हतं, खांबावरची तार खराब होती. स्वस्त मशीनात एवढ्या विजेपुढं आडवं पडणारं काही ठेवलेलं नसतं, एवढाच त्याचा दोष. तो लहान नाही.

उलट, कमी व्होल्टेजही तितकंच छळतं. सॉकेटपासून गच्चीपर्यंत एक एमएमच्या तारेची तीस मीटरची एक्स्टेन्शन टाकली, तर पंधरा अँपिअर ओढताना सोळाएक व्होल्ट तारेतच जिरतात. संध्याकाळी आधीच पडलेला दाब आणखी पडतो, आणि तेवढंच काम करायला मशीन जास्त करंट ओढतं. गरम होतं. तापल्याचा पिवळा दिवा लागतो, वेल्डर चहा प्यायला जातो.

पाटीवरच्या ‘२०० अँपिअर’चीही एक गंमत आहे. मशीन दहा मिनिटांतली किती मिनिटं तो करंट देऊ शकतं, हे त्याच पाटीवर बारीक अक्षरात असतं, कधी नसतंच. साठ टक्के असेल तर सहा मिनिटं. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून साठ टक्केवालं २०० चं मशीन अखंड दीडशेच्या वर थोडं चालेल. तीस टक्केवालं एकशेदहाच्या आत. दहा नंबरच्या जाड रॉडला शंभर ते सव्वाशे लागतात. बारा नंबरच्या बारीक रॉडला सत्तर-ऐंशी पुरतात. त्यामुळं त्याच मशीनवर जो बारा नंबरनं पत्र्याच्या शेडचे बॉक्स पाइप जोडतो, त्याचं पाच वर्षं टिकतं. आणि जो दहा नंबरनं ट्रॅक्टरची ट्रॉली भरतो, त्याचं पहिल्या मे महिन्यात जातं. दोघंही शपथेवर आपापलं मत सांगतात आणि दोघंही खरे असतात.

या सगळ्याची मोठी परीक्षा ३ जून २०२० ला झाली. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आलं, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं. श्रीवर्धन-मुरुडपासून रोह्या-माणगावपर्यंत घरांचे पत्रे, कौलं उडाली, खांब आडवे झाले. काही गावांत आठवडे वीज नव्हती. पाऊस तोंडावर, टाळेबंदी चालू, पत्र्यांचे भाव चढलेले. ज्याला रॉड धरता येत होता तो प्रत्येक जण दिवसरात्र छपरांवर होता, आणि वीज नसल्यामुळं मशीनं भाड्याच्या जनरेटरवर. तेलाची मशीनं त्या महिन्यात कोपऱ्यात बसून राहिली. छपरावर त्यांचा उपयोग काय? म्हणजे टिकाऊपणाचा सगळा मान ज्याला, ते गरजेच्या वेळी गैरहजर. गावं झाकली ती पाच-सहा किलोच्या स्वस्त मशीनांनी. त्यातली बरीच पुढच्या काही महिन्यांत गेली. काही जनरेटरच्या हेलकावणाऱ्या विजेनं, काही पावसात भिजून, काही घाईनं ओढलेल्या लाइनींवर न्यूट्रल सुटून. पण तोवर त्यांनी आपली किंमत कितीदा वसूल केली होती, हे त्यांचे मालकच सांगतील.

मशीनच्या मारेकऱ्यांत रस्त्याचाही उल्लेख करायलाच हवा. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटून गेलं तरी खड्डे होते. पेण-वडखळ-नागोठणे-कोलाड या पट्ट्यात मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेलं मशीन रोज त्या खड्ड्यांतून जायचं. आत जड ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर पातळ बोर्डवर उभे. त्यांच्या पायांशी सोल्डरला केसाएवढी चीर पडते, मग मशीन ‘कधी चालतं, कधी नाही’. हा दोष शोधणं सर्वांत कटकटीचं. त्याची भरपाई कोणत्या खात्याकडं मागायची!

सुरुवातीच्या वर्षांत दुरुस्तीची बोंबच होती. दुकानदार म्हणे बोर्ड गेला, नवीन घ्या. तार भरणारे वाइंडर या बोर्डांपुढं हात टेकत. मग मोबाइल दुरुस्त करणारी पोरं यात शिरली. मॉस्फेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येऊ लागले, पुढं कुरियरनं. जुन्या तीन मजली बोर्डांच्या मॉस्फेट मशीनमागून एकाच बोर्डाची आयजीबीटी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरची, मशीनं आली. त्यात भाग कमी, पण एक भाग गेला तर अख्खा बोर्ड बदलायचा मोह जास्त. दुरुस्ती मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत गेली की वेल्डर ती करत नाही. हिशेब सोपा आहे : सहा हजारांचं मशीन तीन पावसाळे चाललं तर वर्षाला दोन हजार, आणि एका शेडच्या मजुरीत ते निघतं. तेलाच्या मशीनचं असं गणित कुणी मांडत नसे, कारण ते घराच्या भांड्यांसारखं वारशानं जाई.

आज मला जी दुकानं शहाणी वाटतात त्यांनी दोन्ही ठेवली आहेत. गेट, ट्रॉली, जाड चॅनल दुकानात तेलाच्या मशीनवर. बाहेरचं काम पट्ट्यावर. बाहेर जाताना एक महाग मशीन नेण्याऐवजी दोन स्वस्त नेतात, एक तापलं की दुसरं. जरा हुशार असलेले ग्राइंडरपासून मशीन लांब आणि उंचावर टांगतात, काम संपलं की लगेच स्विच न काढता पंखा थोडा वेळ फिरू देतात आणि महिन्यातून एकदा ब्लोअरनं आत हवा मारतात. आणि नवं घेताना नाव, रंग, वॉरंटी यांआधी ते दुरुस्तीवाल्याला फोन करतात : याचा बोर्ड तुझ्याकडं मिळतो का? तो ‘नाही’ म्हणाला तर दुकानदारानं आणखी पाचशे कमी केले तरी ते मशीन फळीवरच राहतं.