यंत्राची पारख आणि अपंगांचा हक्क

पूर्वी बँकेत खाते उघडावयाचे म्हणजे ओळखीच्या माणसाची सही लागे. आता ती साक्ष यंत्र देते. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पापणी मिटली-उघडली, की समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, अशी त्याची खात्री पटते. युक्ती चांगली, पण ज्याला पापणीच मिटता येत नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. अ‍ॅसिड हल्ल्यात होरपळलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अशा सोयी सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. पापणीखेरीज दुसऱ्या खुणाही ग्राह्य धराव्यात व यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, असे आदेशही दिले.

यंत्र असे का वागते? ते कोणाचा द्वेष करीत नाही. त्याला हजारो नमुने दाखवून शिकविलेले असते. जे नमुन्यांत फारसे नव्हतेच, ते त्याच्या लेखी चूक ठरतात. अडखळत बोलणाऱ्याची वाणी म्हणूनच त्याला उमगत नाही. समजा, शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव लोक पार पडले. हिशेब उत्तम दिसतो. परंतु उरलेले दोघे प्रत्येक दारी तेच दोघे असतात! शिवाय अपंगत्व एका साच्याचे नाही. १९९५ च्या कायद्यात त्याचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. एका सरासरीत ही माणसे मावावीत कशी?

नांदेड-लातूरकरांना ही गोष्ट दूरची वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने कित्येक धडधाकट माणसांना जन्माचे अपंगत्व दिले. आदल्या रात्री ती आपल्यासारखीच निजली होती. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नव्हे, उद्याच्या आपलाही आहे.

आम्हांस यंत्र नको असे नाही. छापील मजकूर अंधांना वाचून दाखविणारेही यंत्रच आहे. आमची मागणी एवढीच, की यंत्र बाजारात येण्यापूर्वी ते अपंगांच्या हाती देऊन पारखावे, दुसरी वाट तितक्याच सन्मानाची असावी, आणि नकार मिळाल्यास दाद ऐकणारा माणूस खिडकीत बसलेला असावा.