केरसुणी बांधण्याची पारंपरिक कला

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी महाराष्ट्रातील अनेक घरांत नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहिले जाते. लक्ष्मीचे रूप मानली जाणारी ही वस्तू घडविण्याची कला मात्र नव्या पिढीपर्यंत पोहोचणे कठीण होत चालले आहे.

गावगाड्यात दोर वळणे आणि केरसुण्या बांधणे ही कामे प्रामुख्याने मातंग समाजाकडे होती. या कलेचे शिक्षण घरातच, थोरांच्या हाताकडे पाहत होत असे.

शिकण्याचा आरंभ झाडापासून होतो. केरसुणीसाठी शिंदीची पाने लागतात. पानाच्या देठाजवळ तीक्ष्ण काटे असल्याने कोयता जपून चालवावा लागतो. शिंदीची वाढ शेंड्यावरील एकाच कोंबातून होते. तो छाटला गेल्यास खोड मरते. म्हणून बाहेरची पाने घेऊन मधला गाभा राखणे हा पहिला धडा ठरतो.

दुसरा धडा वाळवणीचा. ओलसर पाने बांधली तर ती नंतर आकसतात आणि बांधणी सैल पडते. अतिशय कोरडी पाने मोडतात, त्यामुळे बांधण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडतात. त्यानंतर लोखंडी दात्यांवर पाने विंचरून त्यांचे बारीक तंतू केले जातात. शेवटी जुड्या एकत्र आवळून मूठ बांधली जाते. दोरीचा ताण किती असावा, हे केवळ सरावानेच कळते.

प्रदेशानुसार साहित्य बदलते. कोकणात व गोव्यात माडाच्या झावळ्यांतील हीर काढून खराटे बनवितात. मेघालयात डोंगरउतारांवरील गवताचे तुरे हिवाळ्याच्या अखेरीस कापले जातात. त्यांपासून तयार होणारे फूलझाडू देशभर विकले जातात. राजस्थानात जोधपूरजवळील अरणा-झरणा संग्रहालयात विविध झाडूंचा संग्रह आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९-२००४) यांच्या कल्पनेतून हे संग्रहालय साकारले.

प्लॅस्टिकचे झाडू आणि ओढ्याकाठच्या शिंदीची घटती संख्या यांमुळे हा व्यवसाय अडचणीत आला आहे. परंतु प्रश्न केवळ बाजारपेठेचा नाही. हे काम जातीशी जोडले गेले व त्याला हलके मानले गेले. त्यामुळे शिकलेल्या तरुणांनी त्यापासून दूर जाणे स्वाभाविक आहे. परंपरा टिकावी म्हणून त्यांनीच ती चालवावी, अशी अपेक्षा धरणे न्याय्य ठरणार नाही.

संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन गावोगावी स्वच्छतेचा संदेश दिला. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तर २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा प्रारंभ झाला. या अभियानांमुळे झाडू हातात घेणाऱ्यांना सार्वजनिक प्रतिष्ठा लाभली. तो बांधणाऱ्यांच्या वाट्याला ती अद्याप पुरेशी आलेली नाही. श्रमाला योग्य दाम मिळाला आणि कोणत्याही जातीच्या व्यक्तीला संकोचाविना हे कौशल्य शिकता आले, तरच ही कला जिवंत राहू शकेल.