गृहिणी, वय ४९

'विराट' हे नाव आपल्याला नवं नाही. भारतीय नौदलाची ही विमानवाहू युद्धनौका. १९८७ मध्ये ती आपल्याकडे दाखल झाली आणि ६ मार्च २०१७ ला मुंबईत सन्मानानं निवृत्त झाली. नौदल सप्ताहात मुंबईच्या नातेवाइकांकडे गेलेल्या कित्येकींनी मुलांना ती दुरून तरी दाखवली असेल. पण ही नौका बांधली कुठं, हे मलाही परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. इंग्लंडच्या वायव्येला, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर बॅरो-इन-फर्नेस नावाचं एक गाव आहे. तिथल्या गोदीत ती तयार झाली. तेव्हा तिचं नाव होतं 'हर्मिस'. १६ फेब्रुवारी १९५३ ला चर्चिलसाहेबांच्या पत्नी क्लेमेंटाइन यांच्या हस्ते ती पाण्यात सोडली गेली.

बॅरोचा इतिहास कुठल्याही पुस्तकात उघडा, तो असाच भेटतो. १८४० च्या सुमारास तिथं मूठभर घरांची वाडी होती. १८४६ मध्ये रेल्वे आली, जवळच लोखंडाच्या खनिजाचे मोठे साठे सापडले, पोलादाचे कारखाने उभे राहिले, मग जहाजबांधणी आली. १८८१ पर्यंत वस्ती ४७ हजारांवर गेली. मालक कोण, भट्ट्या किती, जहाजं किती, सगळं नोंदलेलं. या ४७ हजारांच्या भाकऱ्या कोण भाजत होतं, ते मात्र कुठं लिहिलेलं नाही. (पाव म्हणा हवं तर!)

त्या गावाची ही दुसरी बाजू आज जगाला ठाऊक आहे ती एका बाईमुळे. नाव नेला लास्ट. या कधी कारखान्यात गेल्या नाहीत की कुठल्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. वडील रेल्वेत हिशेबनीस, नवरा विल्यम सुतारकाम आणि दुकानांची फर्निचरं करणारा, आर्थर आणि क्लिफ हे दोन मुलगे. माझ्या भाचीनं इंग्लंडहून येताना त्यांच्या रोजनिशीचं पुस्तक आणलं, आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ते चार दुपारींत संपवलं. एकदा तर भाजी करपली.

त्याचं असं झालं. १९३७ मध्ये इंग्लंडातल्या तीन तरुणांनी 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाची एक संस्था काढली. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज ही त्यांची नावं. आपल्याच देशातली साधी माणसं कशी जगतात, काय बोलतात, कशाला घाबरतात, ते त्यांच्याच हातून लिहून घ्यायचं, ही कल्पना. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी लोकांना रोजनिशी लिहून पाठवायला सांगितलं. युद्धकाळात सुमारे पाचशे जणांनी ती पाठवली. त्यात गोदीच्या या गावातल्या नेलाबाईही होत्या. वर आपला व्यवसाय आणि वय लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं, 'गृहिणी, वय ४९'.

मी बचत गटांचं काम करते. बायकांचे फॉर्म भरून घेताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन हटकून थांबतं. "काही नाही ओ ताई, घरीच असते." पहाटे पाचला उठून म्हशीचं, मुलांचं, सासूच्या पथ्याचं सगळं करून आलेली बाई हे सांगते. त्यामुळे हे तीन शब्द वाचले आणि मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बसूनच राहिले.

युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या काळात नेलाबाईंचं मन पार खचलं होतं. आपण आज ज्याला डिप्रेशन म्हणतो तसलंच काहीतरी. मुलं मोठी झाली, घराबाहेर पडायला लागली. नवरा वाईट नव्हे, पण अबोल. त्याला घर शांत लागायचं, जेवण वेळेवर लागायचं आणि बायको घरात लागायची. येणंजाणं नको, पाहुणा नको. अशा घरात बाई आतल्या आत कशी सुकत जाते, ते मला सांगायला नको आणि तुम्हालाही.

मग युद्ध आलं आणि बाई बाहेर पडल्या. 'विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस' ही बायकांची संघटना १९३८ मध्ये लेडी रीडिंग यांनी सुरू केली होती. (यांचे पती म्हणजे आपल्याकडे १९२१ ते २६ व्हाइसरॉय असलेले रीडिंग. गांधीजींना १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती यांच्याच कारकिर्दीत. इतिहासाचे धागे कुठून कुठं जातात बघा!) या संघटनेच्या बॅरोच्या केंद्रात नेलाबाई जाऊ लागल्या. चिंध्या-चपाट्यांतून इस्पितळातल्या मुलांसाठी बाहुल्या शिवणं, फिरत्या कँटीनवर चहा देणं, युद्धकैद्यांना पार्सलं पाठवता यावीत म्हणून जुन्या वस्तूंचं दुकान चालवणं. घरातलीच कामं, पण घराबाहेर. आणि इथं कुणीतरी "छान झालंय हं" म्हणणारं होतं. रोजनिशीत बाईंचा आवाज हळूहळू बदलत जातो, तो वाचताना अगदी जाणवतो. आधी नवऱ्याच्या मर्जीची धास्ती. पुढं पुढं, इतकी वर्षं मी या मर्जीसाठी का घालवली, असा सरळ प्रश्न. नवऱ्याच्या तोंडावर तो कितीदा गेला असेल कोण जाणे, पण वहीत मात्र उतरला.

आणि वहीत काय काय उतरलं! ८ जानेवारी १९४० पासून इंग्लंडात रेशनिंग सुरू झालं. माणशी आठवड्याला लोणी ४ औंस म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, साखर १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम. जुलैत चहावर नियंत्रण आलं, माणशी आठवड्याला २ औंस. ५७ ग्रॅम चहापत्तीत आठवडा काढायचा, तोही चहावर जगणाऱ्या इंग्रज माणसानं! आपल्याकडे तेवढ्यात दोन पाहुणे आले तर संपलं. अंडं मिळालं तर आठवड्याला एक, नाहीतर अंड्याची भुकटी. ज्यांनी परसात कोंबड्या पाळल्या त्यांना अंड्यांवरचा हक्क सोडला तर कोंबड्यांसाठी खाद्य मिळे. नेलाबाईंनीही कोंबड्या पाळल्या. उरल्यासुरल्याचं काय काय करता येतं, थोडक्यात चवीचं कसं रांधायचं, हा त्यांचा हातखंडा होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी थापलेल्या आपल्या आया-सासवांना हे सगळं अर्ध्या शब्दात कळलं असतं.

एक गोष्ट मला नवीनच कळली. युद्ध १९४५ मध्ये संपलं, पण रेशनिंग संपलं नाही. युद्धात कधी नव्हतं ते पावाचं रेशनिंग उलट नंतर, जुलै १९४६ मध्ये आलं आणि १९४८ पर्यंत टिकलं. शेवटचं मांसावरचं नियंत्रण उठायला जुलै १९५४ उजाडला. म्हणजे जिंकलेल्या देशातल्या बाईनं पुढं आणखी नऊ वर्षं कार्ड घेऊन रांग लावली. विजयाच्या गोष्टी सांगताना हे कुणी सांगत नाही.

एक सल मात्र राहते. इंग्लंडात चहा तोलून मिळत होता त्याच काळात, १९४३ मध्ये, इंग्रजांच्याच राज्यात बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीनं गेली. तिथल्या चुलींची अशी रोजनिशी माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

१९४१ च्या एप्रिल-मे महिन्यांत बॅरोवर जर्मन बॉम्ब पडले. नेम होता गोदीवर आणि कारखान्यांवर, पण पडले ते बहुतेक घरांवर. ८३ माणसं मेली, दहा हजारांहून अधिक घरांची पडझड झाली. गावात सार्वजनिक आसरे फार थोड्यांना पुरतील इतकेच होते. त्यामुळे संध्याकाळ झाली की पांघरुणं घेऊन लोक गावाबाहेर जात आणि शेताच्या कुंपणाच्या आडोशाला झोपत. मे च्या सुरुवातीला नेलाबाईंच्या घरालाही धक्का बसला. खिडक्यांच्या काचा गेल्या, छतं सैल झाली, दारं निखळली. सरकारी अहवालात याची एका ओळीत नोंद होते, 'घरांचे नुकसान'. बाईच्या वहीत ते घर असतं. ज्या घराला रोज पुसून-लखलखून ठेवलं, ते एका रात्रीत भुसभुशीत झालेलं बघताना काय वाटतं, ते तिथं आहे. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जेवायला तर लागतंच.

धाकटा क्लिफ सैन्यात होता. १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. पोरगा लांब, पत्राची वाट, दारावर टपालवाला आला की छातीत धस्स होणं, हे वाचताना भाषा इंग्रजी आहे हे विसरायला होतं. क्लिफ वाचला. पुढं ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथला नावाजलेला शिल्पकार झाला. आईच्या वाट्याला पुन्हा पत्रंच आली.

युद्ध संपलं तेव्हा गावानं आनंद साजरा केला. नेलाबाईंना आनंद झालाच, पण त्याबरोबर एक भीतीही होती. आता केंद्र बंद होणार, दुकान बंद होणार, आणि आपण पुन्हा त्या चार भिंतींत. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात जड गेला. आमच्याकडे एखादी बाई गटाची अध्यक्ष होते, बँकेत जाऊन साहेबांशी बोलते, आणि मग मुलाचं लग्न झालं, सून आली, नातू झाला की "आता बास झालं बाहेरचं" म्हणून घरचे तिला बसवतात. तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. नेलाबाईंचं तसंच झालं म्हणा ना. नवऱ्याची तब्येत आणि मन दोन्ही ढासळत गेलं, त्याला त्या सतत जवळ लागायच्या. बाहेरची कामं सुटत गेली. लिहिणं तेवढं सुटलं नाही. १९३९ ला धरलेली लेखणी त्यांनी १९६६ पर्यंत खाली ठेवली नाही. सव्वीस वर्षांहून जास्त! एकूण मजकूर सव्वा कोटीच्या आसपास शब्दांचा भरतो म्हणतात. १९६८ मध्ये त्या गेल्या. आपलं लिहिलेलं छापून येईल, हे त्यांनी पाहिलं नाही.

ते कागद पुढं ससेक्स विद्यापीठात गेले. १९८१ मध्ये युद्धकाळातल्या भागाचं पहिलं पुस्तक निघालं, नंतरच्या वर्षांची आणखी दोन २००८ आणि २०१० मध्ये आली. २००६ मध्ये व्हिक्टोरिया वुड या अभिनेत्रीनं त्यावर टीव्हीसाठी चित्रपट लिहिला आणि नेलाबाईंची भूमिका स्वतः केली. नाव ठेवलं तेच, 'हाउसवाइफ, ४९'. त्यासाठी तिला ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

बॅरोतले पोलादाचे कारखाने १९८३ मध्ये बंद पडले. गोदीत आता पाणबुड्या बांधतात. आपली 'विराट' २०२० मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला नेली. नेलाबाईंचे कागद मात्र ससेक्सला जाऊन कुणीही वाचू शकतं.

हे सगळं मी आमच्या गटात सांगितलं. आमच्यातल्या एक आजी, सत्तरी ओलांडलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, म्हणाल्या, "माझ्या आयुष्यात काय झालंय गं, लिहायला?" मी म्हटलं, आपल्या आळीत गॅस पहिल्यांदा आला तेव्हाचं सांगा. झालं! कुणाच्या घरी आला, बघायला कोण कोण जमलं, शेगडी पेटवताना भप्पकन आवाज झाला तेव्हा कोण पळालं, सगळं आलं. पुढच्या मंगळवारी नातवाच्या जुन्या वहीत मागच्या पानापासून चार पानं लिहून घेऊन आल्या. त्यात एक ओळ अशी आहे की सासूबाईंनी गॅसवरच्या भाकरीला महिनाभर हात लावला नाही, म्हणून मी महिनाभर दोन ठिकाणी स्वयंपाक केला, एक चुलीवर न एक गॅसवर. आणि तिच्याखाली कंसात, वेगळ्या शाईनं, "हे कुणाला सांगितलं नव्हतं."