लेसरचा हिशेब आणि एसटीचं तिकीट

मध्यवर्ती बसस्थानकातून बाहेर पडलं की सिद्धार्थ उद्यानाच्या कडेला रिक्षा उभ्या असतात. त्यांच्या पाठीवरच्या जाहिराती वाचत गेलं तर या शहराचे सगळे आजार कळतात. मूळव्याध, भगंदर, मुतखडा, पायाच्या फुगलेल्या नसा, चेहऱ्यावरचे केस. आणि प्रत्येकापुढे एकच उपाय: लेसर. बिनटाका, बिनवेदना, त्याच दिवशी घरी.

माझी आत्या कन्नड तालुक्यातून डोळे दाखवायला आली, तेव्हा रिक्षात बसायच्या आधीच तिचं ठरलं होतं. "टाके नको रे बाबा. लेसरच करू." तिला मोतीबिंदू होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतला पडदा पाहिला, तेव्हा दुसरंच निघालं. बारा-पंधरा वर्षांच्या साखरेने पडद्यावर नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. मोतीबिंदूला लेसरची गरज नव्हती, पडद्याला होती. रिक्षाच्या पाठीवर पडद्याचं नाव कुठेच नव्हतं.

आधी मोतीबिंदूचं बघू, कारण गैरसमज तिथेच सगळ्यात जास्त आहे. 'लेसरने मोतीबिंदू काढला' असं सांगणाऱ्या बहुतेकांचं ऑपरेशन फेको पद्धतीने झालेलं असतं. फेकोत लेसर नसतो. सुईसारखी बारीक नळी अल्ट्रासाऊंडने थरथरते, मोतीबिंदूचा चुरा करते आणि तो ओढून घेते. छेद इतका लहान की टाका लागत नाही. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत हाताने करतात त्या लहान छेदाच्या ऑपरेशनलाही सहसा टाका लागत नाही, आणि खर्च फेकोपेक्षा कमी. म्हणजे 'बिनटाक्याचं' हे बिरुद लेसरच्या मालकीचं कधीच नव्हतं.

खरा लेसर वापरून मोतीबिंदू काढण्याचं फेम्टोसेकंद नावाचं यंत्र आहे. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी नऊशेवर रुग्णांमध्ये या यंत्राची फेकोशी तुलना केली आणि निष्कर्ष 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये छापला: नजरेत सरस काही नाही, खर्च मात्र जास्त. मोतीबिंदूसाठी जास्तीचे पैसे देताना एवढं लक्षात असलेलं बरं.

मोतीबिंदूच्या पेशंटला लेसर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो नंतर. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते आणि लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. याग लेसरने त्या पिशवीत मध्यभागी खिडकी पाडतात. चार-पाच मिनिटांचं काम, कापाकापी नाही, आणि बहुतेकांना ते एकदाच करावं लागतं. डोळ्याचा दाब थोडा वेळ वाढू शकतो, क्वचित पडद्याला इजा होते. पण फायदा-तोट्याच्या तराजूत इतकं एका बाजूला झुकणारं काम वैद्यकात थोडंच असेल.

आता पडदा. अंधारी खोली, हनुवटी टेकवायची पट्टी, बधिर करणारे थेंब, आणि डोळ्यावर धरलेलं एक भिंग. डॉक्टर पायाने पेडल दाबतात, हिरवा उजेड चमकतो. पुन्हा दाबतात, पुन्हा चमकतो. आत्या सुरुवातीला मोजत होती, शंभरानंतर तिने नाद सोडला. पूर्ण पडद्याला साधारण बाराशे ते सोळाशे ठिपके लागतात, म्हणून ते दोन-तीन सिटिंगमध्ये करतात. "दुखतं का?" असं विचारलं तर ती म्हणाली, "दुखत नाही, पण आत कोणी चिमटे काढतंय."

हे करतात कशासाठी? दुष्काळात जालन्याकडच्या शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा तोडल्या, ते आठवा. पाणी सगळ्यांना पुरत नाही म्हटल्यावर काहींनी अर्धी बाग जाऊ दिली आणि अर्धी जगवली. मधुमेहाने पडद्याचं रक्त तुटतं. उपाशी पडदा नव्या रक्तवाहिन्या मागतो, त्या कच्च्या असतात, फुटतात, आणि डोळा रक्ताने भरतो. लेसर कडेचा पडदा जाळतो. मागणी कमी झाली की कच्च्या वाहिन्या सुकतात आणि मधली नजर वाचते. तोडलेल्या बागेची किंमतही असते: कडेचं दिसणं थोडं कमी होतं, अंधारात चाचपडावं लागतं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने 1970च्या दशकातच दाखवून दिलं की अशा रुग्णांमधली तीव्र दृष्टिहानी लेसरने निम्म्याहून कमी होते.

पडदा जाळून वाचवायची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. 10 जुलै 1945च्या सूर्यग्रहणानंतर जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांकडे ग्रहण पाहून पडदा भाजलेला रुग्ण आला. तो व्रण पाहून त्यांना वाटलं, हेच भाजणं मोजून-मापून केलं तर? सुरुवातीला त्यांनी चक्क सूर्यप्रकाश वापरला. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी लावला तो 1960 साली.

गेल्या काही वर्षांत लेसरला प्रतिस्पर्धी आला: डोळ्यात द्यायचं इंजेक्शन. 2015 साली आलेल्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनंतरची नजर इंजेक्शनवाल्यांची लेसरवाल्यांपेक्षा कमी नव्हती, आणि कडेची नजर जास्त टिकली होती. कागदावर इंजेक्शन जिंकलं. पण ते सुरुवातीला महिन्या-महिन्याला घ्यावं लागतं, आणि मध्येच थांबलं तर? फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झालेल्या रुग्णांचे डोळे तपासले आणि 2019 साली आकडे छापले. लेसर झालेल्या 46 डोळ्यांपैकी एकाचा पडदा ओढला जाऊन सुटला होता. फक्त इंजेक्शनवर असलेल्या 30 पैकी 10 डोळ्यांचा.

माझ्या मते लेसरच्या खर्चाचा विचार इथून सुरू व्हायला हवा. घाटीत, म्हणजे 1956 साली सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून माणसं येतात. मार्च 2023 पासून बाईला एसटीचं अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीपासूनच प्रवास फुकट. पण सोबतच्या मुलाला पूर्ण तिकीट आणि एक दिवसाची मजुरी गेली. वेचणीच्या दिवसांत तो दिवस मिळतच नाही. 'परत या' हा शब्द डॉक्टरांना सोपा आहे, पेशंटच्या घरात तो सगळ्यात महाग. दोन-तीन फेऱ्यांत संपणारा लेसर म्हणूनच जुना असूनही मराठवाड्यात नवा आहे. आत्याच्या डॉक्टरांनी तिला आधी विचारलं होतं, "दर महिन्याला कोण आणेल?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. लेसर ठरला.

लेसर हे एका वस्तूचं नाव नाही, हेही लोकांना कुणी सांगत नाही. कापणारा कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. ते जन्माने बारामतीचे, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. या लेसरचा किरण पाणी शोषतं, आणि शरीर बहुतेक पाणीच. म्हणून तो कापता कापता बारीक रक्तवाहिन्या बंद करतो. हिरवा किरण रक्त आणि रंगद्रव्य शोषतात. केस काढायचा किरण केसातल्या रंगद्रव्याला शोधतो, आणि आपल्या सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असतं. गोऱ्या कातडीसाठीच्या मापावर यंत्र लावलं की चेहऱ्यावर डाग उठतात. ब्यूटी पार्लरमध्ये ते माप कोण लावतं, हे खुर्चीत बसण्याआधी विचारावं.

रिक्षावरच्या बाकीच्या जाहिराती थोडक्यात. पायाच्या नसांसाठी लेसर चांगला. ब्रिटनमधल्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तो शस्त्रक्रियेच्या तोडीचा आणि पैशालाही परवडणारा ठरला. मुतखडा फोडायला होल्मियम लेसर उत्तम, पण मूत्रनलिकेतल्या साध्या खड्याला हवेच्या दाबाने ठोकणारं स्वस्त यंत्रही पुरतं. मूळव्याधीला लेसरने दुखणं कमी, हे खरं. कापून काढण्यापेक्षा ती परत उद्भवण्याची शक्यता जास्त, हेही खरं. जाहिरातीत पहिलं वाक्य असतं.

फिजिओथेरपीतल्या थंड लेसरची गोष्ट वेगळी. बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांनी 1967 साली मंद किरण उंदरांवर सोडला, तर भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवले. तेव्हापासून गुडघा, मान, कंबर, सगळीकडे तो लावला जातो. कंबरदुखीसाठी देऊ नका, असं ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने 2009 साली स्पष्ट सांगितलं. पण एका ठिकाणी याच मंद किरणाची बाजू भक्कम आहे: तोंडाच्या कर्करोगात रेडिएशनने तोंड सोलवटतं, पाण्याचा घोटही जात नाही, तिथे. मंगळुरूमध्ये 221 रुग्णांवर चाचणी झाली आणि हा त्रास स्पष्टपणे कमी झाला. गुटख्याने पोखरलेल्या या भागात, आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापुढची रांग पाहिली की वाटतं, गुडघ्यांवर फिरणारी यंत्रं इकडे वळवायला हवीत.

आणि ज्यांना रिक्षा वाचता येत नाही असे रुग्ण. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंहून कमी वजनाचं बाळ जन्मलं, तर तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासला पाहिजे. पडद्यावर दोष वाढलेला दिसला तर दोन-तीन दिवसांत लेसर करावा लागतो. उशीर झाला तर अंधत्व जन्मभराचं. काचेच्या पेटीतून बाळ वाचून घरी आलं की सगळे पेढे वाटतात, आणि डोळ्यांची चिठ्ठी फाइलमध्ये राहते.

तेव्हा वाचकहो, घरात असं बाळ असेल तर ती चिठ्ठी आजच काढा. कुणी लेसर सुचवला तर विचारा: कोणता, त्याच्याऐवजी दुसरं काय, आणि परत किती वेळा यावं लागेल? सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि मधुमेह असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा दाखवा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवा.