पॅलेटच्या फळ्यांत जुना आरसा

कुरुळीतल्या एका घरी सासूबाईंच्या लग्नातला आरसा माळ्यावर पडून होता. चौकट वाळवीने खाल्लेली, कडा काळवंडलेल्या. सुनेने तो खाली काढला आणि भंगारवाल्याकडून पाइनच्या पॅलेटच्या चार फळ्या आणल्या. चाकण पट्ट्यात या लाकडाला तोटा नाही.

फळी निवडताना आधी शिक्का बघायचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ती फळी घरात नकोच. तेलाचे डाग असलेलीही नको.

आरशाचे काळे डाग काचेवर नसतात. मागच्या चांदीच्या थरात ओल शिरली की ते पडतात, त्यामुळे कितीही पुसा, जात नाहीत. मग सुनेने चौकटच रुंद केली आणि काठावरचे डाग झाकले!

टोकं ४५ अंशांत कापून जोडली. दोन्ही कर्ण सारखे भरले, म्हणजे चौकट काटकोनात. आरशाच्या खाचेत चहूबाजूंनी २-३ मिलिमीटर जागा सोडली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं.

आरसा चिकटवायला पहिल्या खेपेला तिने आंबूस वासाचं सिलिकॉन आणलं होतं. त्यातलं ॲसिटिक ॲसिड चांदीचा थर खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच मागायचं.

वरून पांढऱ्या रंगात वारली नक्षी काढली.

कुणाचा आरसा असाच पडून असेल तर मापं लिहा, काही अडलं तर विचारा.