घरचे दोउशा बाओ

दोउशा बाओ म्हणजे अझुकी या बारीक लाल कडधान्याचे गोड सारण भरून वाफवलेला, आंबवलेल्या मैद्याचा गोळा. उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख. तिथल्या घरांत चांद्रवर्ष संपता संपता, सणाच्या दोन-तीन दिवस आधी, असे बाओ ढिगाने वाफवून ठेवतात. थंडीत ते टिकतात आणि ऐन सणात पीठ मळत बसावे लागत नाही.

खरे कष्ट सारणात आहेत. अझुकी ही मूग, उडीद, चवळी यांच्याच वंशातली. दाणे रात्रभर भिजवून, बोटाने चिरडतील इतके शिजवतात. मग पाण्यात कुस्करून चाळणीवर घासले की साल वर राहते आणि गर खाली उतरतो. तो कापडात घालून पिळला की हाती येतो सुटा, रवाळ, जवळजवळ बेचव लगदा. शिजलेल्या दाण्यातला स्टार्च पेशींच्या आतच कोंडलेला राहतो, म्हणून त्याची खळ होत नाही. त्यात साखर आणि डुकराची चरबी किंवा तेल घालून ते परततात, पुरणासारखेच, झारा उभा राहीपर्यंत. सालासकट वाटलेले सारण झटपट होते आणि पुष्कळ घरांत तेच चालते. गाळलेल्याचा मऊपणा त्याला येत नाही. विकतचे तयार सारण तर बहुधा इतके गोड असते की दाण्याची चव शोधावी लागते.

पिठाचा हिशेब आता सोपा झाला आहे: 500 ग्रॅम मैदा, साधारण 250 मिलिलिटर कोमट पाणी, 5 ग्रॅम कोरडे यीस्ट, थोडी साखर. जुनी रीत इतकी सरळ नाही. मागच्या खेपेचा राखलेला आंबट गोळा नव्या पिठात मिसळतात. त्यात यीस्टबरोबर आम्ल करणारे जिवाणूही असतात. तो आंबटपणा सोडियम कार्बोनेटने, म्हणजे पापडखारात असतो त्याच क्षाराने, मारावा लागतो. किती घालायचा ते वजनाने सांगता येत नाही. हवा, पीठ आणि आंबायला मिळालेला वेळ यांवर ते ठरते. म्हणून मळणारी बाई कणीक फाडते आणि नाकाशी नेते. आंबट वास आला तर क्षार कमी पडला. उग्र वास आला तर जास्त झाला, आणि बाओ पिवळे पडणार, कारण मैद्यातली रंगद्रव्ये क्षाराने पिवळी होतात. दोन्ही वास जाऊन नुसता गव्हाचा वास उरला की जमले. तरी शंका असेल तर चिमूटभर कणीक आधी वाफवून बघतात. यीस्टच्या पुडीने नाकाचे हे काम संपवले, चुकणेही बरेचसे संपवले. गव्हाचा तो भरदार वास मात्र पुडीत मिळत नाही.

कणीक दुप्पट फुगली की पुन्हा मळून आतली हवा काढतात. पारी कडेला पातळ, मध्ये जाड लाटतात. खारट बाओच्या चुण्या वर मिरवतात. गोड बाओ उलटा ठेवून त्या खाली दडवतात. दोन्ही एकाच वेळी करायचे असले तर गोडाच्या माथ्यावर लाल ठिपका देतात. याचा गरीब भाऊ म्हणजे साखरेचा त्रिकोण. त्यात नुसती तपकिरी साखर, तीही थोडे पीठ मिसळून, नाहीतर पाक पातळ होऊन वाहतो. वाहिला तर काय होते याचा विनोद उत्तरेत प्रसिद्ध आहे: कोपरापर्यंत आलेला पाक चाटायला हात उचलला, आणि हातातल्या बाओने पाठ भाजली!

भरलेले गोळे पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवतात, मग बारा ते पंधरा मिनिटे वाफवतात. बांबूचे झाकण वाफेचे पाणी शोषते. धातूच्या झाकणाला फडके बांधावे लागते, नाहीतर थेंब पडून बाओवर डाग उमटतात. आच बंद केल्यावर मात्र हात आवरायचा. पाच मिनिटे, असे जो तो बजावतो. झाकण लगेच काढले तर आतली वाफ एकदम थंड होऊन आकसते, अजून न सावरलेल्या भिंती खचतात आणि गुळगुळीत माथा सुरकुततो. घाईच्या घरात पाचाची तीन होतात, तेवढीही बहुधा पुरतात. पण शिकवताना आकडा पाचच.

गार झालेला बाओ कडक होतो, पुन्हा वाफ दिली की मऊ होतो. गोठवलेले बाओ न वितळवता थेट वाफेवर ठेवतात. दहा-बारा मिनिटांत सारणापर्यंत गरम होतात.